गाळलेलं पाणी

अनेकांत मगदूमला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे राजारामपुरीतल्या निम्म्या अकरावी-बारावीला ठाऊक आहे. क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना तो फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत इतक्या फेऱ्या मारतो, की पोरांच्या माना दुखून येतात. घरी पंखा पुसायला म्हणून स्टुलावर चढला, तर उतरेपर्यंत पंख्याची पाती सुटी होऊन दिवाणावर पडलेली असतात. त्याची बायको आदिती म्हणते, या माणसाला हात मिळाले, पण ते आवरायचे कसे हे कुणी सांगितलंच नाही.

अशा माणसाला मे महिन्यात दोन बॅचच्या मधे पंधरा दिवस सुट्टी मिळाली. म्हणजे घरच्यांचे पंधरा दिवस गेलेच.

त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. बारा वर्षं तो पोरांना चार पर्यायांतला एक निवडायला शिकवत होता. बारा वर्षांत एकाही पोरानं कधी विचारलं नाही, की सर, हे असं का होतं. विचारायचे ते एवढंच, की सर, हे परीक्षेला येणार हाय का. अनेकांतचा जीव या प्रश्नाला विटला होता. आपली त्रिशला सहा वर्षांची आहे, अजून कोरी आहे, तिला तरी प्रश्न विचारणारी करायची, असं त्यानं मनावर घेतलं. आणि अनेकांतनं एखादी गोष्ट मनावर घेतली की बाकीच्यांनी आपापलं सामान आवरून बसावं.

क्लासच्या कपाटात एक जुना मायक्रोस्कोप धूळ खात पडला होता, खालच्या आरशानं उजेड घेणारा. तो त्यानं स्कूटरवर पुढं ठेवून घरी आणला आणि हॉलच्या खिडकीत मांडला. पहिल्या दिवशी मीठ बघून झालं. दुसऱ्या दिवशी साखर, कुर्त्याचा दोरा, मोगऱ्याची पाकळी, पंख्यावरची धूळ. जैनाच्या घरात कांदा येत नाही, त्यामुळं कांद्याचा पापुद्रा शेजारच्या वर्षाराणी वहिनींकडून मागून आणावा लागला, आणि बघून झाल्यावर आदितीनं ती काच दोनदा घासून काढली. त्रिशला जे दिसेल ते वहीत काढायची. कांद्याच्या चित्राखाली तिनं लिहिलं होतं, विटांची भिंत.

"बघ, बघ," अनेकांत आदितीला वही दाखवत म्हणाला. "हे माझ्या बारावीच्या पोरांना सुचत न्हाय."

सहाव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, गॅलरीत पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या पसरट भांड्यातला एक थेंब त्यानं काचेवर घेतला. पाणी चार दिवसांचं होतं, कडेला हिरवट झालेलं. त्रिशलानं डोळा लावला आणि तिचा श्वासच अडकला.

"पप्पा, पळायलंय."

"काय पळायलंय?"

"काचेगत हाय. पळतंय, थांबतंय, परत पळतंय."

"जिवंत हाय ते," अनेकांत म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता, की तो खिडकीपासून दारापर्यंत जाऊन परत आला.

त्रिशलानं डोळा काढला नाही. तशीच म्हणाली, "आपण पितो त्या पाण्यातबी असतात?"

आता इथं माणसानं जरा दम धरून सांगायला हवं होतं. उघड्यावर साठलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी, शुद्ध केलेल्या पाण्याची वेगळी, असं काहीतरी. पण अनेकांतला क्लासची खोड लागलेली. समोरच्याचे डोळे मोठे झाले की ते आणखी मोठे केल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"असतात तर," तो म्हणाला. "सगळ्या पाण्यात असतात. तू एक घोट घेतलास की लाखभर गेले बघ पोटात." आणि तो हसला.

त्रिशला हसली नाही. पण तोवर अनेकांत दुसरी काच पुसायला लागला होता.

बुधवार असा गेला, की कुणाला काही कळलंच नाही. आदिती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, ती सकाळी जाऊन संध्याकाळी येते. अनेकांतनं दिवसभर पोरीबरोबर लिंबाच्या झाडावरच्या अळीचा माग काढला. मधेमधे तो म्हणायचा, पाणी पी गं, ऊन लई हाय. ती बाटली घेऊन गॅलरीत जायची आणि मोकळी बाटली घेऊन परत यायची. बापाचं समाधान झालं. दुपारी तिनं वाटीभर भडंग खाल्लं, रात्री नुसती कोरडी पोळी.

गुरुवारी सकाळी आदिती वेणी घालायला बसली तेव्हा तिला पोरीचे ओठ दिसले. फुटून त्यावर पांढरी सालं आली होती. तिनं विचारलं, शू कधी केलीस. त्रिशलाला आठवेना. आदिती उठून गॅलरीत गेली, तर कोरफडीच्या कुंडीत पाणी तुंबलेलं आणि खालची फरशी ओली.

"पाणी कुंडीत ओतलंस?"

"व्हय."

"का?"

"त्यात जीव हायत. पप्पांनी दाखवले. प्यालं की मरतात." त्रिशला एवढ्या साध्या आवाजात म्हणाली, की जणू आज शाळेला सुट्टी आहे हे सांगत होती. "आज्जी म्हणते, जीव मारायचा नसतो."

आदितीनं नवऱ्याकडं बघितलं. त्या नजरेचं वर्णन करत बसत नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना ती पाठ असते.

आज्जी म्हणजे अनेकांतची आई, अक्काताई. जयसिंगपूरजवळच्या मळ्यात राहते. खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही, दिवस मावळला की अन्न-पाणी तोंडात घेत नाही, आणि विहिरीचं, तेही आपल्या हातानं गाळलेलं पाणी सोडून दुसरं पाणी पीत नाही. त्रिशलाच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या मागं फिरण्यात गेलेल्या. मुंग्यांची रांग ओलांडताना लंगडी घालायची, हे पोर चालायला लागल्यापासून शिकलं होतं. अनेकांतला त्याचं कौतुकच वाटायचं. आजीनं जीव जपायला शिकवलं आणि बापानं जीव दाखवले, आणि या दोन गोष्टी पोरीच्या डोक्यात एकमेकींना भेटतील हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

"त्यात काय एवढं," अनेकांत म्हणाला. "मी समजावतो की."

त्यानं पोरीला हाताला धरून स्वयंपाकघरातल्या फिल्टरपुढं उभं केलं. झाकण काढून आतला मातकट झालेला गाळ दाखवला. इथं सगळं अडकतं, खाली येतं ते नुसतं पाणी, हे समजावून सांगितलं.

"अडकलेल्यांचं काय होतं?" त्रिशलानं विचारलं.

अनेकांतनं झाकण लावलं.

मग त्यानं पाणी उकळलं. खळाखळा उकळलं, गार केलं, पेल्यात ओतलं. म्हणाला, आता यात एकही जिवंत न्हाय. त्रिशलाचे डोळे भरल्यासारखे झाले. "तुम्ही त्यांना उकळलात?" ती म्हणाली आणि पेल्याकडं पाठ करून बसली.

दुधाचं त्याला सुचलं तेव्हा वाटलं, जिंकलं. पण पोरीला त्यानंच शिकवलं होतं, की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, बघायचं. ती म्हणाली, आधी थेंब दाखवा. त्यानं दुधाचा थेंब पाण्यात पातळ करून काचेवर घेतला, डोळा लावला आणि डोकं धरलं. दुधातले स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरत होते. हा त्याचा क्लासमधला लाडका धडा. पाण्याचे कण चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून ते हलतात, त्यात जीव बीव काही नसतो, असं तो दर वर्षी नाचून-नाचून सांगतो.

"हलायलंय की," त्रिशला म्हणाली.

"ते धक्क्यानं हलतंय. जिवंत न्हाय."

"तुम्हीच म्हटलात, हलतंय ते जिवंत."

"असं मी कधी म्हटलो?"

"अळीला म्हटलात. काल."

म्हटला होता. दूध बाजूला राहिलं. जेवताना तिला आठवलं, की वरणात पाणी असतं, भातही पाण्यातच शिजतो. तिनं ताट सरकवलं. कलिंगड कापलं तर कापतानाच त्यातून पाणी गळायला लागलं, आणि तेही तिनं बघितलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आदितीनं रजा टाकली. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ संयोगिता मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, दिवस मावळेपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल, या उन्हात लहान पोराचं काही सांगता येत नाही. आदितीनं फोन ठेवला आणि तिचा धीर सुटला. तिनं पोरीला मांडीत दाबून धरलं, नाक धरलं, चमच्यानं पाणी तोंडात घातलं. त्रिशलानं ते थुंकून टाकलं आणि ती रडायला लागली. रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. आदितीच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं पोरीला सोडून दिलं आणि स्वतःच रडत बसली.

अनेकांत घरभर फिरत होता. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, परत आत. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं आणि ती निस्तरायची कशी ते कळत नव्हतं, आणि त्याच्यासारख्या माणसाला याहून वाईट शिक्षा नाही. शेवटी घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. त्यानं एक कोरी काच घेतली, तिच्यावर काहीच न टाकता वर दुसरी काच ठेवली आणि भिंगाखाली सरकवली.

"ये, बघ. बाटलीतलं पाणी हाय. एकबी जीव न्हाय."

त्रिशला आली. डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोळा काढला, काचेवर बोट टेकवलं, बोट बघितलं आणि बापाकडं बघितलं.

"पप्पा, तुम्ही थेंब टाकलाच न्हाय."

ती ओरडली नाही, रुसलीही नाही. नुसती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. अनेकांतला त्या क्षणी असं वाटलं, की कुणीतरी आपल्याला उचलून रस्त्यावर ठेवलं आहे. आता खरं सांगितलं तरी पोर आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

सासूला फोन आदितीनं केला. "आई, तुमची नात पाणी प्यायना झालीया," एवढंच म्हणाली. पलीकडून, आलो, असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

अक्काताई पावणेसहाला दारात आली. पदर डोक्यावर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झाकणाची स्टीलची किटली. बसचा प्रवास, मग रिक्षा, आणि चेहरा उन्हानं काळवंडलेला. किटलीत तिच्या विहिरीचं पाणी होतं, पण ते निघताना गाळलेलं. गाळून दोन घटका, पाऊण तासभर, झाल्या की तिच्या लेखी ते परत न गाळलेलंच होतं, म्हणून वाटेत तिनं घोटभरही घेतलं नव्हतं. आदितीनं सगळं सांगितलं. अक्काताईनं ऐकून घेतलं, लेकाकडं एकदा बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन नातीच्या उशाशी बसली.

"काय म्हणतीस? पाण्यात जीव हाईत?"

"व्हय," त्रिशला भिंतीला म्हणाली.

"हाईत की. कोण न्हाय म्हणतंय?"

त्रिशलानं तोंड वळवलं. सकाळपासून तिच्याशी वाद न घालणारं हे पहिलंच माणूस होतं.

"मग तू पितीस कशी?"

"चल, दावतो."

हॉलमध्ये खिडकीपाशी अक्काताईनं पिशवीतून दुहेरी जाड पांढरं फडकं काढलं, तांब्याच्या तोंडावर बसवलं आणि किटलीतलं पाणी बारीक धारेनं गाळलं. मग फडकं उलटं केलं आणि थोडं गाळलेलं पाणी त्याच्यावरून एका लहान लोटीत सोडलं.

"फडक्यात जे ऱ्हायलं ते ह्या लोटीत आलं. ही जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत नेऊन सोडायची. मारायचं न्हाय कुणाला. ज्याचं त्याला घर द्यायचं."

"बसनं नेणार?"

"मग काय चालत जाऊ व्हय?"

"त्यांचं तिकीट?"

"त्यांना न्हाय पडत."

दोन दिवसांत पहिल्यांदा त्रिशलाच्या ओठांचे कोपरे हलले. अक्काताईनं दोन पेले भरले, एक नातीपुढं ठेवला, एक आपल्यापुढं. त्रिशलानं पेला दोन्ही हातांनी उचलला. आदितीनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. पेला ओठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"पप्पा, मला ह्यातला थेंब बघायचाय," त्रिशला म्हणाली. "खरा."

आदितीनं डोळ्यांनीच नको म्हटलं. अनेकांतला उत्तर ठाऊक होतं. फडक्याच्या विणीतून पंधरा-वीस जीव हातात हात घालून खाली उतरू शकतात, हे फिजिक्सवाल्यालाही समजतं. मळ्यातल्या विहिरीचं पाणी, मे महिना.  पण दुपारची पोरीची ती नजर त्याला परत बघायची नव्हती. त्यानं पोरीच्या समोर, तिच्याच पेल्यातला थेंब काचेवर घेतला आणि आधी स्वतः डोळा लावला.

काही नव्हतं. त्यानं काच थोडी सरकवली. काही नव्हतं. एक धागा, एक कचऱ्याचा कण. त्याला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात डाव्या कडेनं एक जीव आला. लांबुडका, पारदर्शक, घाई नसलेल्या पाहुण्यासारखा. काच केसभर ढकलली असती तर तो नजरेआड गेला असता. अनेकांतचा अंगठा काचेच्या कडेवरच होता. केसभराचं काम. पोर पाणी प्याली असती, दवाखाना टळला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

त्यानं अंगठा उचलला आणि तो बाजूला झाला.

त्रिशलानं बघितलं. "हाय," ती म्हणाली. "एकच हाय. पण हाय." आणि तिनं पेला खाली ठेवला.

आदितीनं नवऱ्याकडं पाठ फिरवली. 

"बघू," अक्काताई म्हणाली.

तिनं चष्मा काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिचे डोळे चांगले झाले होते. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. खिडकीतून खालच्या चौकातल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. नंतर ती सरळ झाली, भिंतीला टेकून खाली बसली आणि आपल्या पुढ्यातला भरलेला पेला तिनं हातानं दूर सारला.

"पासष्ट वर्सं झाली," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ गाळतो. पोरं झाली त्या दिवशीबी चुकवलं न्हाय. म्हटलं, आपल्या हातनं पाण्यातला एक जीव जात न्हाय."

"आई, हे लई बारीक असतात, ते कुठल्याच फडक्यात थांबत न्हाईत," अनेकांत घाईघाईनं म्हणाला.

"व्हय. तेच म्हणतो मी."

हे काही नातीला समजवायचं नाटक नव्हतं. अनेकांत आपल्या आईला ओळखतो. तिला नाटक जमत नाही. तिचा चेहरा खरोखरच उतरला होता. आदितीनं दोनदा पेला पुढं केला, गोळ्या घ्यायच्या आहेत हे सांगितलं, उन्हातून आलात म्हणाली. अक्काताईनं मान हलवून नको म्हटलं. सहा वाजून गेले होते. सातच्या आत दिवस मावळणार होता, आणि एकदा मावळला की ही बाई उद्या सूर्य वर येईपर्यंत पाण्याला शिवणार नव्हती. सकाळी एक तहानलेलं पोर होतं, आता घरात तशी दोन माणसं बसली होती, आणि दोघींना ते भिंग अनेकांतनंच दाखवलं होतं. आईचा पासष्ट वर्षांचा विश्वास आपण एका थेंबात घालवला, असं मनात येऊन तो गॅलरीत गेला, आत आला, परत गेला. गाडीची किल्ली त्यानं खिशात टाकली. दवाखान्यात न्यायचं तर आता कुणाकुणाला न्यायचं, हेच त्याला कळेना.

त्रिशला आजीकडं बघत होती. आजीचा श्वास मोठा झाला होता, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. त्रिशला सरकत सरकत तिच्याजवळ गेली.

"आज्जी, तुला तहान लागली?"

"लागली की."

"मग पी."

"त्यात हाय की तो. तू बघितलास, मी बघितलो."

 या आठ दिवसांत त्रिशलाला एक सवय लागली होती. समोर जे असेल त्याकडं ती नाक टेकवून बघायची. ती आजीच्या इतकी जवळ गेली, की आजीच्या गळ्यापाशी तिचं नाक टेकलं. तिथं सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी वरखाली होत होतं. त्रिशलानं त्यावर बोट ठेवलं.

"आज्जी, हे हलायलंय."

"नाडी हाय ती."

"तू हलवायलीस?"

"न्हाय गं. आपली आपण हलती."

"कुणी धक्का बी देत न्हाय?"

"कोण देणार?"

त्रिशलानं बोट काढलं नाही. कपाळाला आठ्या घालून तिनं बराच वेळ ते मोजल्यासारखं केलं. अनेकांत दारातच थांबला.

"म्हणजे तूबी जीवच हाईस की," ती म्हणाली.

"व्हय. मग काय दगड हाय?"

"मग तुला मारायचं न्हाय." त्रिशलानं दूर सारलेला पेला दोन्ही हातांनी ओढून आणला. थोडं पाणी सांडलं. "पी."

अक्काताईनं पेल्याकडं बघितलं, मग नातीकडं. तिनं त्रिशलाचा लहान हात घेतला, पालथा केला आणि मनगटावर अंगठ्याखाली तिचंच बोट नेऊन टेकवलं.

"हिथं बघ. हलतंय का?"

त्रिशलानं डोळे मिटून घेतले. लागलं की नाही कळेना. बोट जरा सरकवलं. मग तिचे डोळे उघडले.

"हलतंय."

"मग ह्या जिवाला कोण मारायलंय?"

त्रिशलानं पेल्याकडं बघितलं.  "मी प्यालो तर तो मरणार," ती अगदी हळू म्हणाली.

"मरणार," अक्काताई म्हणाली. "खोटं न्हाय सांगत तुला."

खिडकीतलं ऊन पिवळं होऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं होतं. अक्काताईनं पदर सारखा केला आणि पेल्यापुढं हात जोडले. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही; पुटपुटली तेवढं. त्रिशलानं तिचं बघून हात जोडले. मग अक्काताईनं पेला उचलला.

तिला ते किती जड गेलं, हे अनेकांतला दिसलं. फडक्यातून पाणी येतं ते निर्मळच, असं मानून ती आजवर प्यायली होती. आज, जन्मात पहिल्यांदा, आत कोण आहे हे माहीत असून तिनं पेला ओठाला लावला. डोळे मिटले. घोट तोंडात गेला, क्षणभर तिथंच राहिला, मग तिचा गळा हलला. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अनेकांतला आपल्या आईची इतकी माया आली, की त्याला तिथं उभं राहवेना, आणि जावंसंही वाटेना.

"आता तू," अक्काताई म्हणाली आणि उरलेला पेला नातीपुढं केला.

त्रिशलानं पहिला घोट असा घेतला, की पाण्याला लागू नये. दुसरा जरा मोठा. मग तिच्यानं थांबवलं गेलं नाही. पेल्याच्या तळाशी नाक जाईपर्यंत ती पीत राहिली आणि हनुवटीवरून ओघळ फ्रॉकवर आला. आदिती तोंडावर हात धरून बघत होती. पेला रिकामा झाला तेव्हा त्रिशलाला धाप लागली होती.

"आणखी," ती म्हणाली.

अनेकांतनं घाईनं तांब्या पुढं ओढला. अक्काताईनं त्याचा हात धरला.

"थांब. गाळून दोन घटका होत आल्या. परत गाळाय पायजे."

तिनं मांडीवरचं फडकं झटकलं, दुहेरी केलं आणि किटलीच्या तोंडावर धरलं. त्रिशला बघत होती.

"आज्जी, सगळे थांबत न्हाईत की त्यात."

"न्हाय थांबत," अक्काताई म्हणाली. "जेवढे थांबतील तेवढे थांबू देत. धर हे टोक."

त्रिशलानं दोन्ही हातांनी फडक्याचं टोक धरलं, आणि अक्काताईनं तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडायला सुरुवात केली.